माझ्या मुदतठेवी कोणाला द्यायच्या, हे मी ठरवू शकते का?

कृष्णाकाठची शिक्षिका (सांगली)

मी ७४ वर्षांची असून एका माध्यमिक शाळेतून २००९ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. यजमानांचे निधन २०१९ मध्ये झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मला दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला पुण्यात, धाकटा कॅनडात, मुलगी कोल्हापुरात. तिघेही आपापल्या संसारात सुखी आहेत आणि माझ्याशी वाईट वागणारे कोणीही नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण असा प्रश्न विचारला की मुलांनी आईला टाकले असावे असा समज लगेच होतो.

माझ्याकडे असलेल्या गोष्टी अशा : निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम आणि नंतरची बचत मिळून माझ्या एकटीच्या नावावर सुमारे ४१ लाखांच्या मुदतठेवी आहेत, आणि त्या सर्वांवर थोरल्या मुलाचे नामनिर्देशन आहे. आम्ही राहतो तो फ्लॅट १९९४ साली यजमानांच्या नावावर घेतला. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझे नाव असल्यामुळे त्यांच्यानंतर भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) माझ्या नावावर झाले. त्यांच्या १२ लाखांच्या ठेवीसुद्धा नॉमिनी म्हणून मला मिळाल्या. शिवाय माझे दागिने आहेत.

माझ्याकडे गेली तेरा वर्षे एक बाई कामाला आहेत. यजमानांच्या शेवटच्या आजारपणात रात्री-अपरात्री त्याच धावून आल्या, आणि माझ्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने त्या माझ्याकडेच झोपायला होत्या. त्यांना १० लाख रुपये द्यावेत, शाळेतील गरजू मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी ५ लाख ठेवावेत, उरलेल्यातील थोडा अधिक वाटा मुलीला द्यावा (तिच्या शिक्षणावर आम्ही मुलांच्या निम्मासुद्धा खर्च केला नव्हता, ही बोच मला आहे) आणि बाकीचे मुलांनी समान वाटून घ्यावे, असे माझ्या मनात आहे.

दिवाळीत हा विषय काढला तेव्हा थोरला म्हणाला, "आई, हा घरचा पैसा आहे, तो बाहेर जाता कामा नये. कायद्यानेसुद्धा तुला तसे करता येणार नाही." धाकट्याचे म्हणणे असे की मृत्युपत्राच्या भानगडीत न पडता फ्लॅटचे बक्षीसपत्र आत्ताच दोघा भावांच्या नावे करून टाकावे, कारण मुलांच्या नावे करताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. मुलगी काहीच बोलली नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. मी कमावलेला पैसा कोणाला द्यावा हे ठरवण्याचा अधिकार मला आहे की नाही? असल्यास तो कुठपर्यंत आहे?

---

सुखाची झोप

मॅडम, अजिबात काळजी करू नका. फ्लॅट सोसायटीने तुमच्या नावावर केला आहे, ठेवींचे पैसे बँकेने तुम्हाला दिले आहेत, म्हणजे आता सर्व काही तुमचेच आहे. मुलांना आई जिवंत असताना कसलाही हक्क नसतो. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा, खाली सही करा आणि कपाटात ठेवा. माझ्या वडिलांनी असेच केले होते आणि कोणीही हरकत घेतली नाही.

---

दिवाणी वकील, सातारा

वरील सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, परंतु त्यातील निम्मा भाग चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून मृत्युपत्र केले तर बाईंच्या पश्चात तिन्ही मुलांना न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

बाई, आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर निःसंदिग्ध 'हो' असे आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीच्या ताब्यातील तिची मालमत्ता ही तिची संपूर्ण मालकीची असते, आणि कलम ३० नुसार ती मृत्युपत्राने कोणालाही देता येते. 'कोणालाही' याचा अर्थ अक्षरशः कोणालाही : मुलीला, शेजाऱ्याला, शाळेला, कामाच्या बाईंना. आईच्या मालमत्तेत मुलांना जन्माने कोणताही हक्क मिळत नाही. आपले चिरंजीव ज्या 'घरच्या पैशा'बद्दल बोलत आहेत ती कल्पना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेची आहे, आणि तिचा शिक्षिकेच्या निवृत्तीच्या रकमेशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा ४१ लाखांच्या ठेवी आणि दागिने हे पूर्णपणे आपले आहेत आणि त्यांचे काय करायचे ते आपण ठरवायचे आहे.

आता अवघड भाग. फ्लॅट आणि यजमानांच्या १२ लाखांच्या ठेवी या गोष्टी पूर्णपणे आपल्या नाहीत. यजमान मृत्युपत्र न करता गेले, म्हणून त्यांची मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांना, म्हणजे आपण, दोन मुलगे आणि मुलगी अशा चौघांना समान मिळाली. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आपण नॉमिनी होता याने या हिशेबात फरक पडत नाही. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नसतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितले, बँकठेवींबाबत २०१० मध्ये, आणि कंपन्यांच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. (विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क मिळू लागला, पण तो अपवाद आहे.) सहकारी गृहनिर्माण संस्थेने भागपत्र नॉमिनीच्या नावे करणे ही संस्थेच्या दप्तराची सोय असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली घातलेल्या प्रकरणानुसार तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्वच मिळते.

म्हणजे फ्लॅटमधील आपला चौथा हिस्सा आणि त्या १२ लाखांतील ३ लाख एवढेच आपण मृत्युपत्राने देऊ शकता. फ्लॅटच्या हप्त्यांत आपला पगार गेला असेल, नव्हे गेलाच असणार, पण खरेदीखत यजमानांच्या एकट्याच्या नावावर असल्यामुळे तो वाटा सिद्ध करणे हा वेगळा आणि लांबचा दावा ठरेल. त्या काळी घर पुरुषाच्या नावावर घेण्याची जी रीत होती, तिची किंमत आज अनेक निवृत्त शिक्षिका, परिचारिका आणि कारकून स्त्रिया मोजत आहेत. दर महिन्याला असे एखादे प्रकरण माझ्या टेबलावर येते. मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले तर मात्र फ्लॅट संपूर्ण आपला होऊ शकतो. ते करावे की नाही हा त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे.

बक्षीसपत्राबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. राहते घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे हे धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. परंतु आपण फक्त आपला चौथा हिस्सा बक्षीस देऊ शकता, आणि एकदा दिलेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, कारण ते मृत्यूनंतरच अमलात येते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. देणाऱ्याची काळजी घेण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तशी अट असल्याचे दाखवता आले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचे बक्षीसपत्र रद्द करताना हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा असे सांगितले. तरीही सत्तरी ओलांडलेल्या माणसाने या कलमावर भरवसा ठेवून घर देऊन टाकू नये. आपल्याकडे जुन्या बायका म्हणायच्या तेच खरे, की ताट द्यावे पण पाट देऊ नये.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, आणि नोंदणीही सक्तीची नाही. सक्तीचे आहेत ते दोन साक्षीदार, ज्यांनी आपल्याला सही करताना पाहिले किंवा आपण ही आपली सही असल्याचे ज्यांना सांगितले, आणि ज्यांनी आपल्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या. 'सुखाची झोप' यांच्या वडिलांच्या चार ओळींवर साक्षीदार नसतील, तर ते कायद्याने मृत्युपत्रच नव्हते. हरकत कोणी घेतली नाही म्हणून ते निभावले.

---

काउंटर क्रमांक ३ (निवृत्त बँक अधिकारी)

वकीलसाहेबांच्या विवेचनात बँकेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण चौतीस वर्षांच्या नोकरीत या गोंधळाचा अर्धा भाग मी काउंटरच्या आतून पाहिला आहे.

मॅडम, आपल्या सर्व ठेवींवर थोरल्या मुलाचे नामनिर्देशन आहे. त्यामुळे आपल्यानंतर बँक सर्व ४१ लाख त्यांनाच देईल, आणि तसे करताना बँक पूर्णपणे कायदेशीर वागत असेल. मृत्युपत्रात काय लिहिले आहे हे पाहणे बँकेचे काम नाही. मग आपल्या कामवाल्या बाईंनी त्या गृहस्थांकडे जाऊन १० लाख मागायचे, आणि त्यांनी दिले नाहीत तर दावा लावायचा. एका गरीब बाईला हे जमेल का, याचा विचार आपणच करा. मृत्युपत्र मालक ठरवते हे खरे, पण नामनिर्देशन पैसा प्रथम कोणाच्या हातात पडेल हे ठरवते, आणि आपल्याकडे ज्याच्या हातात पैसा असतो त्याच्याकडून तो काढून घेणे किती कष्टाचे असते हे सांगायला नको.

म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांचा मेळ घाला. नामनिर्देशन बदलण्यासाठी जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही, किंबहुना त्याला कळवण्याचीही गरज नसते. बँकेत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घ्याच, कारण मी स्वतः ड्रॉवरच्या तळाशी वर्षभर पडून राहिलेले अर्ज पाहिले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि त्यांचे टक्केवारीने वाटे नमूद करता येतात. परंतु आपल्या बाबतीत याहून सोपी वाट मला दिसते. १० लाखांची एक स्वतंत्र ठेव करून तिच्यावर त्या बाईंचे नाव लावा, ५ लाखांची दुसरी ठेव शिष्यवृत्तीसाठी बाजूला ठेवा, आणि मृत्युपत्रात त्या त्या ठेवींचा उल्लेख पावती क्रमांकासह करा. मुदत संपून नूतनीकरण झाले की पावतीचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून 'किंवा तिच्या नूतनीकरणातून आलेली ठेव' हे शब्द विसरू नका.

एक धोक्याची सूचना. कोणी सुचवेल की त्या बाईंचे नाव ठेवीला जोडून 'एदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघींपैकी कोणीही किंवा मागे राहील ती) करा. करू नका. मागे राहिलेल्याला बँक पैसे देते, पण मालकीचा वाद त्यानेही मिटत नाही, शिवाय आपल्या हयातीत पैशावर दुसऱ्याची सही चालू लागते.

---

मधला भाऊ

मी थोडे विरुद्ध बाजूने बोलणार आहे आणि त्याबद्दल राग नसावा.

माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने शेवटच्या आठ महिन्यांत मृत्युपत्र बदलले. आधीच्या मृत्युपत्रात तिन्ही भाचे समान होते. नव्यात सर्व काही सोबतीला राहिलेल्या दूरच्या नातेवाइकाला होते. तोपर्यंत आत्याला दिवस कोणता, जेवण झाले की नाही, हेही सांगता येत नव्हते. वकील त्या नातेवाइकानेच आणला, साक्षीदार त्याचे मित्र होते. आम्ही पैशासाठी भांडलो असे लोक म्हणाले. खरे म्हणजे आत्याने जे आयुष्यभर ठरवले होते ते दुसऱ्याने पुसून टाकले, याचा आम्हाला संताप होता. ज्येष्ठांचा निवडीचा अधिकार असे आपण म्हणतो तेव्हा ती निवड त्यांचीच आहे ना, हे विचारणाऱ्या मुलाला लगेच लोभी ठरवू नये. बाईंच्या थोरल्या मुलाने चुकीचा कायदा सांगितला हे मान्य, परंतु त्याच्या मनातली भीती कदाचित १० लाख जाण्याची नसेल. आई एकटी राहते, घरात रोज एकच व्यक्ती येते, आणि त्या व्यक्तीला मोठी रक्कम मिळणार आहे हे तिला माहीत झाले, तर काय होईल, ही भीती असू शकते.

बाईंच्या बाबतीत तसे काही नाही हे त्यांच्या लिहिण्यावरूनच दिसते. परंतु उद्या कोणी शंका घेतलीच, तर तिला उत्तर त्यांच्या कागदपत्रांतूनच मिळाले पाहिजे.

---

कृष्णाकाठची शिक्षिका (सांगली)

आपणा सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली. फ्लॅटमध्ये माझा फक्त चौथा हिस्सा आहे हे वाचून पहिल्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या घराचे हप्ते चौदा वर्षे माझ्या पगारातून कापले जात होते. आता ते पचनी पडले आहे. 'मधला भाऊ' यांच्या लिहिण्यामुळे मी थोरल्याशी पुन्हा बोलले, आणि त्याची भीती बरीचशी तशीच निघाली.

दोन गोष्टी विचारते. शंकेला जागा राहू नये यासाठी मी नेमके काय करावे? आणि त्या बाईंना रक्कम आत्ताच देऊन टाकली तर पुढची कटकट टळेल का?

---

दिवाणी वकील, सातारा

'मधला भाऊ' यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि कायद्यानेही तो ओळखलेला आहे. फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वतंत्र इच्छाच उरणार नाही अशा आग्रहाने करून घेतलेले मृत्युपत्र भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६१ नुसार रद्दबातल असते. वेंकटचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ठरवून दिले की मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच ते करण्यात पुढाकार घेतला असेल तर त्या संशयाचे निराकरणही त्यानेच करायचे असते. मात्र हेही लक्षात ठेवावे की मुलांना कमी दिले किंवा बाहेरच्या माणसाला दिले, एवढी एकच गोष्ट संशयास्पद ठरत नाही. नेहमीच्या वारसाक्रमापेक्षा काही वेगळे करायचे असते म्हणूनच तर माणूस मृत्युपत्र करतो.

तेव्हा बाई, त्या कामाच्या बाईंना वकिलाकडे, साक्षीदारांकडे किंवा नोंदणी कार्यालयात नेऊ नका. साक्षीदार असे निवडा की ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, जे आपल्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत आणि सांगलीतच राहणारे आहेत, कारण पुढे किमान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावे लागू शकते. त्यातले एक आपले नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, आणि त्यांच्याकडून त्याच दिवसाचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला घ्यावा. प्रत्येक पानावर सही करा. १० लाख का देत आहात हे दोन-तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहा. मुलीला अधिक का देत आहात, तेही लिहा. वकिली मराठीतील 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता' या छापील ओळीपेक्षा तुम्ही वर लिहिलेली शस्त्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांची हकीगत न्यायाधीशाला अधिक पटते. अंमलबजावणीसाठी एखाद्या विश्वासू व्यक्तीचे नाव एक्झिक्युटर म्हणून घाला.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्या असे मी सुचवेन. त्यामुळे आपण स्वतः तेथे हजर होता याचा सरकारी पुरावा राहतो. कोणालाही मजकूर कळू द्यायचा नसेल तर मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र जमा करण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे, पण ती फारच थोडे लोक वापरतात. नोंदणी केलेले मृत्युपत्रसुद्धा नंतर बदलता येते, आणि विधिवत केलेले शेवटचे मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते.

रक्कम आत्ता द्यावी का, याचे उत्तर आपल्या प्रकृतीवर आणि गरजेवर अवलंबून आहे. आयकराची एक बाजू मात्र सांगतो. नात्यात नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा अधिक भेट मिळाली तर ती सर्व रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते, तर मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेला ही तरतूद लागू होत नाही. दुसरे असे की ४१ लाख आज पुरेसे वाटतात, पण घरी दिवस-रात्र शुश्रूषेला माणूस ठेवण्याची वेळ आली तर ते किती झपाट्याने संपतात हे मी पाहिले आहे. म्हणून मृत्युपत्रात ठरावीक रकमेबरोबर 'शिल्लक कमी पडल्यास अमुक प्रमाणात' अशी ओळ घालावी, नाहीतर कोणाला आधी आणि कोणाला नंतर, यावरून घोळ होतो.

---

मांडवीपार (पणजी)

हा धागा वाचणाऱ्या गोव्यातील मंडळींसाठी थोडे लिहितो, कारण वरचे सर्व वाचून त्यांनी तसेच केले तर फसतील. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आणि आता त्यावर आधारित गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम २०१२ लागू आहे, जो २०१६ मध्ये अमलात आला. येथे मुले असतील तर आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो आणि आपल्या मनाप्रमाणे वाटप करण्याची मुभा फक्त उरलेल्या अर्ध्यापुरती असते. मुलाला वारसा नाकारायचा तर कायद्यात दिलेली ठरावीक कारणेच चालतात, 'तो मला भेटायला येत नाही' हे पुरत नाही. गंमत अशी की बाई गोव्याच्या असत्या आणि विवाहपूर्व वेगळा करार केलेला नसता, तर फ्लॅटचा अर्धा भाग लग्नामुळेच त्यांचा ठरला असता, नाव कोणाचेही असो. पण मग त्यांच्या स्वतःच्या ४१ लाखांतीलही अर्धे लग्नामुळेच यजमानांचे ठरून त्यांच्या मृत्यूनंतर थेट मुलांकडे गेले असते. एका हाताने देणारा आणि दुसऱ्या हाताने काढून घेणारा हा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे गोमंतकीय माणसाची गोव्याबाहेरची मालमत्तासुद्धा याच नियमाने जाते, म्हणून पुण्यात किंवा सावंतवाडीत फ्लॅट घेऊन सुटका होत नाही.

---

एकटी, नागपूर

मला मूल नाही आणि यजमान नाहीत, म्हणून हा विषय मी वेगळ्या कारणाने वाचत होते. माझ्यासारख्या हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नाही तर तिची स्वकष्टार्जित कमाई प्रथम तिच्या पतीच्या वारसांना जाते, तिच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल वाचून मी हादरले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने पती गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली, आणि ती मृत्युपत्र न करता गेल्यावर तिच्या बँकेतील पैसे व भविष्यनिर्वाह निधी तिच्या आईला न मिळता नणंदेच्या मुलांना मिळाले. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याचा क्रम बदलणे त्यांच्या हातात नव्हते. तो निकाल वाचल्याच्या पुढच्या आठवड्यात मी दोन साक्षीदार बोलावले आणि सही केली. माझे सर्व काही माझ्या भाचीला आणि ज्या वाचनालयात मी रोज जाते त्या वाचनालयाला जाईल.

---

कृष्णाकाठची शिक्षिका (सांगली)

झाले ते कळवते. गेल्या महिन्यात मी बँकेत जाऊन ठेवी वेगळ्या केल्या. दोन ठिकाणी पोच मागितल्यावर "मॅडम, पोच कशाला?" असे विचारले गेले, तेव्हा मी 'काउंटर क्रमांक ३' यांची आठवण काढून खुर्चीवरून उठलेच नाही. मृत्युपत्राचा कच्चा मजकूर मी स्वतः लिहिला, वकिलांनी त्यातील तीन वाक्ये बदलली, आणि डॉक्टर व माझी एक माजी विद्यार्थिनी, जी आता स्वतः शिक्षिका आहे, साक्षीदार झाले. नोंदणीही झाली.

यजमानांच्या १२ लाखांपैकी मुलांच्या वाट्याचे प्रत्येकी ३ लाख मी तिघांच्या खात्यांवर पाठवले. थोरल्याने ते परत पाठवले, मी पुन्हा पाठवले. फ्लॅटच्या हक्कसोडपत्राबद्दल मुलीने आपणहून होकार दिला आहे, थोरला विचार करून सांगतो म्हणाला, आणि धाकट्याचे अजून उत्तर नाही. चौथा हिस्सा तर चौथा हिस्सा, मी तेवढ्यावरच सही केली आहे. कामाच्या बाईंना यातील काहीही सांगितलेले नाही. त्या आज सकाळी नेहमीप्रमाणे साडेआठला आल्या आणि बँकेच्या कागदांचा पसारा बघून मला म्हणाल्या, "बाई, हे आवरून ठेवा, पंखा लावायचा आहे."